सही करू नका: क्रोझमधल्या ग्रॅनाइटच्या घराची ओल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांची नोकरी फ्रान्समध्ये, क्लेरमाँ-फेराँला. मार्चमध्ये क्रोझ जिल्ह्यात शनिवार-रविवारसाठी एक जुनं शेतघर घेतलं. ११० चौरस मीटर, ग्रॅनाइटच्या ६० सेंटिमीटर जाड भिंती, वर स्लेटचं छप्पर. तळमजल्यावर कमरेइतकी ओल, पोपडे, लोणा. एका ठेकेदाराने ३८,००० युरोंचं कोटेशन दिलंय. त्यात बाहेरून सिमेंटचा गिलावा, भिंतींना भोकं पाडून रेझिनचं इंजेक्शन, आतून थर्मोकोल चिकटवलेले प्लास्टरबोर्ड आणि खाली प्लास्टिक अंथरून काँक्रीटची जमीन. महिनाअखेरीपर्यंत सही केलीत तर दिवाळीला गृहप्रवेश. तर सही करावी का, नाही तर सुरुवात कुठून करावी, आणि एकूण किती पैसे लागतील?

सही करू नका. त्या चारही गोष्टी तुमच्या घराला बाधणाऱ्या आहेत, आणि चौघी एकत्र आल्या तर पाच-सहा वर्षांत तुळया बदलायची वेळ येईल. ठेकेदार लबाडच असेल असं नाही. नव्या बांधकामात तो हेच रोज करतो, आणि तिथे ते बरोबरही असतं. जुन्या भिंतीचं गणित वेगळं आहे.

मी आर्किटेक्ट आहे. गेली १९ वर्षं लिमुझाँ भागात, म्हणजे तुमचं क्रोझ ज्यात येतं तिथेच, जुन्या घरांचीच कामं करते, त्यातली निम्मी तरी आधीच्या माणसाने केलेली 'सुधारणा' काढून टाकण्याची. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्येही मला तेच दिसतंय. बाहेर जमिनीपासून मीटरभर उंचीचा जो करडा पट्टा आहे तो सिमेंटचा आहे, आणि १८८० च्या सुमाराच्या घरावर तो मूळचा असणं शक्य नाही. आत ओल कुठपर्यंत चढलीय? साधारण त्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत, किंवा जराशी वर. हा योगायोग नाही.

ही भिंत कशी बांधलीय ते आधी समजून घ्या. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये डबर, आणि हे सगळं धरून ठेवायला माती. चुना असलाच तर दर्जांच्या, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या, तोंडाशी. क्रोझमध्ये चुन्याचा दगडच नाही. चुना बाहेरून आणावा लागे, तो महाग पडे. गंमत म्हणजे याच जिल्ह्यातले गवंडी पिढ्यान् पिढ्या दर वसंतात पायी निघून पॅरिस बांधायला जात. मार्तां नादो त्यांच्यातलाच. १८३० मध्ये, चौदा वर्षांचा असताना बापाबरोबर चालत गेला, आणि पुढे खासदार झाला. तिकडे घडीव दगडाचे मजले चढवणारी ही माणसं गावी आपलं घर मात्र शेतातल्या दगडाने आणि अंगणातल्या मातीने बांधत. ती घरं अजून उभी आहेत, तेव्हा माती वाईट असते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

या घरांना नावाला पाया असतो आणि जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंच. ग्रॅनाइट फारसं पाणी पीत नाही, पाणी चढतं ते दर्जांमधल्या मातीतून. आणि ते चढतं तसंच दोन्ही अंगांनी वाळून निघूनही जातं. ऐंशी-नव्वद वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला होता. मग साठ-सत्तरच्या दशकात कुणीतरी बाहेरून सिमेंट फासलं. आता बाहेरची वाट बंद, म्हणून पाणी आत वळलं आणि वरही चढलं. जाताना ते आपल्याबरोबर क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. तुमचा लोणा तो हाच. आता ठेकेदार म्हणतोय आतूनही झाकू. झाकलं की ओल दिसणार नाही, हे खरं. ती कुठे जाईल, एवढंच त्याला विचारा.

मला याचं उत्तर माझ्याच घरात मिळालं, म्हणून इतक्या जोरात सांगतेय. २००७ मध्ये नवऱ्याने आणि मी पहिलं घर घेतलं. हातात पैसा नव्हता, थंडी मात्र होती. मी शिकलेली आर्किटेक्ट, पण शिकले होते काँक्रीट. उत्तरेच्या भिंतीला पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, काचलोकर भरली, वर प्लास्टरबोर्ड, पांढरा रंग. दोन हिवाळे मजेत गेले. तिसऱ्या वर्षी त्या खोलीत गेलं की तळघरासारखा वास यायचा. चौथ्या वर्षी वरच्या मजल्याची जमीन एका कोपऱ्यात जराशी खचल्यासारखी वाटली. बोर्ड फोडला. लोकर काळी पडून खाली बसली होती, आणि ओकची तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही. बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर जे आलं ते लाकूड नव्हतं, शिळ्या भाकरीचा चुरा होता. सव्वाशे वर्षं टिकलेली तुळई मी चार वर्षांत संपवली.

आता इंजेक्शनबद्दल एकच वाक्य: ज्या भिंतीच्या पोटात डबर, माती आणि पोकळ्या आहेत तिच्यात रेझिन सलग पसरत नाही, ते पोकळीत सांडतं, आणि त्याचे पैसे मात्र मीटरवर लागतात.

मग करायचं काय? पहिल्या वर्षी जवळजवळ काहीही नवीन घालायचं नाही. काढायचं.

सगळ्यात आधी वर बघा. छपराचं पाणी कुठे पडतं? पन्हळी आहेत का, असल्या तर त्या कशात रिकाम्या होतात? मी पाहिलेल्या 'खालून चढणाऱ्या' ओलीतली बरीचशी खरं तर वरून पडलेली असते. फुटकी पन्हळ, पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी, तिथून उडालेले शिंतोडे. दोन-तीनशे युरोंत हे काम होतं आणि कुठल्याही इंजेक्शनपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मग बाहेरच्या जमिनीची उंची बघा. दीडशे वर्षांत शेण, पाचोळा, राडारोडा साठून अंगण वर येतं. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा वर असेल तर ती उतरवा आणि उतार घराकडून बाहेर करा.

इथे एक धोका आहे, तो नीट वाचा. कुणीतरी सांगेल, भिंतीला लागून खोल चर खणा, पाइप टाका. पायाच जेमतेम असलेल्या भिंतीला लागून चर खणला तर भिंतीखालची माती सरकते. भिंतीचं पोट सुटलेलं, कोपरा फाटलेला मी स्वतः पाहिलाय. चर हवाच असेल तर भिंतीपासून निदान मीटर-दीड मीटर लांब, आणि पायाच्या तळापेक्षा खोल कधीच नाही. आधी एके ठिकाणी हाताने छोटा खड्डा करून पाया कुठवर आहे ते पाहायचं. जेसीबीवाल्याला अंगणात एकट्याला सोडू नये.

त्यानंतर तो सिमेंटचा पट्टा. छिन्नी आणि हातोडी, वर कोपऱ्यातून सुरुवात. ग्रॅनाइटवरून सिमेंट बहुतेक वेळा थाळीएवढाले तुकडे होऊन सुटतं, कारण मागे पाणी बसलेलंच असतं. पहिला तुकडा निघाला की मागचा दगड हाताने चाचपून बघा, उन्हाळ्यातही गार आणि ओला लागेल. ब्रेकर वापरू नका, दगडांच्या कडा उडतात आणि आतली माती हादरून गळते. दर्जांमधलं सिमेंट दोन-तीन सेंटिमीटर खोल खरवडून काढा. आतल्या बाजूचे ऑइलपेंट आणि धुता येणारे वॉलपेपरही काढा. पण आधी घर घेतानाचा शिशाचा अहवाल वाचा. १९४९ पूर्वीच्या घरांना तो विक्रीच्या वेळी द्यावाच लागतो, आणि जुन्या रंगात शिसं निघालं तर तो कोरडा घासायचा नाही. १९९७ च्या जुलैपूर्वी परवाना मिळालेल्या घरांना ॲस्बेस्टॉसचाही अहवाल असतो. गोठ्यावरचे सिमेंटचे नागमोडी पत्रे, जुनी धुराडी, जमिनीवरच्या प्लास्टिकच्या लाद्या यांत तो सापडतो. फोडाफोडी त्याच्याशी नको.

मग थांबायचं. ६० सेंटिमीटरची भिंत एका उन्हाळ्यात वाळत नाही. एक हिवाळा ती उघडीच ठेवा. नागडी भिंत बघून सासरचे-माहेरचे नाक मुरडतील, मुरडू देत.

चुन्याची पाळी दुसऱ्या वर्षी. माझं आजोळ वाईचं. मामाच्या वाड्यात चुन्याची घाणी कोपऱ्यात पडलेली आम्ही पाहिली होती, तिच्यावर बसून करवंदं खायचो. घाणी बैलाने फिरवायची हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. त्याच वाड्याला मामाने पुढे सिमेंटचा गिलावा केला आणि मातीच्या भिंतीवरून तो चार पावसाळ्यांत सुटला. म्हणजे ही चूक फ्रेंचांची खास नाही. इकडे घाणी नको, चुना पिशवीत मिळतो, पण पिशवीवरचं वाचायला शिका. एनएचएल हा नैसर्गिक जलीय चुना, तो २, ३.५ आणि ५ अशा ताकदीत येतो. दुकानदार हटकून ५ पुढे करेल, कारण लवकर घट्ट होतो आणि गवंड्याला सिमेंटसारखा वाटतो. मातीच्या भिंतीला तो फार कडक. तुम्ही २ घ्या, बाहेर पावसाचा मार असलेल्या पश्चिमेच्या भिंतीला फार तर ३.५. सीएल ९० हा हवेत घट्ट होणारा चुना, तो आतल्या शेवटच्या हातासाठी. एक माप चुना, तीन मापं वाळू, आणि वाळू जवळच्या खाणीतली, म्हणजे रंग गावाशी जुळतो. आदल्या दिवशी भिंत भिजवायची. पातळ हात मारून घ्यायचा, मग जाड थर, मग शेवटचा. थर्मामीटर ५ अंशांखाली जात असेल तर काम बंद. चुना घट्ट व्हायच्या आत गोठला की पीठ होतं. क्रोझमध्ये म्हणजे मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंतच हे काम, त्याच्या पुढे-मागे जुगार.

सगळे दगड उघडे ठेवून खोल दर्जा भरायची सध्या हौस आहे, फोटोत छान दिसतं. माझं मत विचाराल तर करू नका. पूर्वी इकडे गोठा उघड्या दगडाचा असे आणि राहतं घर गिलावा केलेलं. दगडाची टोकं तेवढी दिसतील इतपत गिलावा ओढला तर भिंतीचं रक्षणही होतं आणि तुमची हौसही भागते.

जमिनीचा विषय जरा खोलात जाऊन सांगते, कारण तुमच्याकडे ओलीबरोबर दुसरंही एक पाहुणं येतं. प्लास्टिक अंथरून काँक्रीट ओतलं की खोलीखालची ओल वर येऊ शकत नाही, मग ती कडेला सरकते आणि भिंतीत चढते. काँक्रीट केल्यावर भिंती जास्त ओल्या झाल्या, ही तक्रार मी दर वर्षी ऐकते. त्याऐवजी जमीन खणून २० सेंटिमीटरच्या आसपास मोठ्या दगडांचा थर, मध्ये माती-चुरा अजिबात नाही, म्हणजे पाण्याला त्यातून वर चढता येत नाही. त्यावर चुन्याचा कोबा, त्यावर भाजक्या मातीच्या लाद्या. दगडांच्या थराला इथे 'एरिसाँ' म्हणतात, म्हणजे साळिंदरासारखा काटेरी प्राणी. दगड टोकं वर करून लावतात म्हणून ते नाव. त्या थरात भोकांचे पाइप टाकून दोन समोरासमोरच्या भिंतींतून बाहेर काढा. थर हवेशीर राहतो.

हे पाइप तुम्हाला दोन कारणांनी हवेत. ग्रॅनाइटच्या प्रदेशात जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो. लिमुझाँ फ्रान्समधल्या सर्वांत जास्त रेडॉनच्या भागांपैकी आहे. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद घरात तो साठतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक कारण आहे. हिवाळ्यात दोन महिने एक छोटी मापनडबी तळमजल्यावर ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची, खर्च किरकोळ. घनमीटरमागे ३०० बेकरेलच्या (हे किरणोत्साराचं माप) वर आकडा आला तर हवा खेळती करण्याचं काम आधी, स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग नंतर.

थंडीचं काय, हे तुम्ही विचारणारच. जुन्या, काहीही न केलेल्या घरातली २५ ते ३० टक्के उष्णता छपरातून जाते, भिंतींतून २० ते २५. म्हणून माळ्यावर लाकडाच्या तंतूंचे जाड थर आधी घाला. ते तुम्हीही घालू शकाल. मग दारा-खिडक्यांच्या फटी. भिंती सगळ्यात शेवटी, पूर्ण वाळल्यावर, आणि त्यांना भांगेच्या काड्यांचा भुसा घातलेला चुन्याचा पाच-सात सेंटिमीटरचा गिलावा. हाताला गार लागत नाही आणि ओलही कोंडत नाही. थर्मोकोलइतके आकडे कागदावर येणार नाहीत, पण सोफ्यावर बसून फरक कळतो. लाकडाची शेगडी बसवणार असाल तर जुन्या धुराड्यात स्टीलची नळी घालून घ्या आणि दर वर्षी साफ केल्याचा दाखला जपून ठेवा, विमावाले तोच मागतात.

कागदपत्रं. गावच्या 'मेरी'त, म्हणजे सरपंच कचेरीत, कामाआधी जा. आठवड्यातून दोन सकाळीच उघडी असेल. आत शिरताच आधी 'बाँझूर', म्हणजे नमस्कार, मग काम. हा क्रम चुकला तर फाइल हरवत नाही, पण लवकर सापडतही नाही. बाहेरून दिसणारं काही बदलणार असाल, नवी खिडकी, छपरात उजेडाचं तावदान, गिलाव्याचं रूप, तर आधी कळवण्याचा अर्ज लागतो. उत्तराला एक महिना. ५०० मीटरच्या आत एखादं संरक्षित स्मारक असेल, आणि क्रोझमध्ये साधं जुनं चर्चही तसं असू शकतं, तर सरकारी वास्तुविशारदाचं मत लागतं आणि दोन महिने धरा. त्या बाईंना किंवा बुवांना शत्रू समजू नका, चुन्याच्या बाबतीत ते तुमच्याच बाजूचे असतात. शिवाय जिल्ह्याचं सीएयूई नावाचं सल्ला केंद्र आहे, तिथला वास्तुविशारद फुकट सल्ला देतो. ठेकेदाराचं कोटेशन घेऊन तिथे जा.

सांडपाण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये, आणि मला काळजी त्याचीच वाटते. खरेदीखतासोबत 'स्पांक'चा, म्हणजे घरोघरच्या सांडपाण्याच्या टाक्या तपासणाऱ्या स्थानिक खात्याचा, अहवाल असेल, तो शोधा. टाकी नियमात बसत नाही असं त्यात असेल तर खरेदीपासून एका वर्षात ती दुरुस्त करणं ही घेणाऱ्याची जबाबदारी, म्हणजे तुमची, येत्या मार्चपर्यंत. टाक्या विकणारा तुम्हाला पंपवाली छोटी शुद्धीकरण टाकी सुचवेल. शनिवार-रविवारच्या घराला ती घेऊ नका. तिच्यातल्या जिवाणूंना रोज खायला लागतं, तुम्ही तीन आठवडे आला नाहीत की ती बिघडते. साधी टाकी आणि वाळूची गाळणी, जागा असेल तर हेच बरं. ८ ते १२ हजार युरो बाजूला ठेवा. ३८,००० मधले गेले की नाही बारा इथेच?

कारागीर निवडताना दोनच गोष्टींवर अडून बसा. त्याच्याकडे दहा वर्षांच्या हमीचा विमा, 'देसेनाल', आहे का, आणि त्या कागदावर तुमचंच काम लिहिलंय का. छपरवाल्याचा विमा गवंडीकामाला चालत नाही. तारीख बघा, विमा कंपनीला फोन करून खात्री करा. दुसरं, त्याने चुन्यात केलेलं निदान पाच वर्षं जुनं काम प्रत्यक्ष दाखवायला सांगा. चांगला गवंडी सहा-आठ महिने मोकळा नसतो. ज्याला सोमवारपासून वेळ आहे त्याच्याबद्दल मला जरा शंका येते. आणि ऑगस्टमध्ये कुणालाही फोन करू नका, सगळे सुटीवर असतात.

पैशांचं आता. सगळं कंत्राटाने केलं तर अशा घराला माझ्या अनुभवात चौरस मीटरला १,००० ते १,५०० युरो लागतात, छप्पर धडधाकट असेल तर. म्हणजे तुमच्या घराला एक लाख दहा हजार ते एक लाख पासष्ट हजार. काढण्याची कामं, माळा, रंग तुम्ही स्वतः केलंत तर तिसरा हिस्सा तरी वाचेल. दोन वर्षांहून जुन्या घरात कारागिराने सामानासकट केलेल्या कामावर व्हॅट १० टक्के, उष्णतारोधनावर साडेपाच. तेच सामान तुम्ही दुकानातून आणलंत तर २०. त्यामुळे 'सामान मी आणतो, तू फक्त मजुरी घे' हा आपला नेहमीचा हिशेब इथे दर वेळी फायद्याचा नसतो. सरकारी अनुदान मुख्य निवासाला आहे, तुमच्यासारख्या दुसऱ्या घराला ते मिळणार नाही. निवासकर मात्र दुसऱ्या घराला अजून भरावा लागतो.

गोठ्याच्या तुळईवर पाकोळ्यांची घरटी दिसतायत तुमच्या चौथ्या फोटोत. ती कायद्याने संरक्षित आहेत, रिकामी असली तरी. गोठ्याच्या छपराला हात लावायचा झाला तरी घरटी तशीच ठेवायची, आणि काम पिल्लं उडून गेल्यावर, सप्टेंबरनंतर.

दिवाळीत तिथे जाच, पण मुक्कामाला एकच खोली धरा. परतताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ्या पूर्ण रिकाम्या करा, नाहीतर डिसेंबरात गोठून फुटतील. घराच्या दोन बाजूंची एकेक खिडकी जाळी लावून फटभर उघडी ठेवा. बंद झडपांआड ओल आणि अंधार एकत्र आले की लाकूड खाणारी बुरशी येते, आणि ती भिंत ओलांडून पलीकडच्या खोलीत जाते. आणि नोव्हेंबरात जोराचा पाऊस लागेल तेव्हा रेनकोट घालून मुद्दाम तिथे जा. घराभोवती एक चक्कर मारा, पाणी कुठून पडतं, कुठे साचतं, कुठल्या दगडावरून आत झिरपतं याचे फोटो काढा. पुढचा गवंडी बोलवाल तेव्हा आधी ते फोटो त्याच्यासमोर ठेवा.